एक गाणे, अनेक तबकड्या : अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकांचा तौलनिक विचार

१

पाश्चात्त्य संगीताच्या समीक्षेत एक लेखनप्रकार चांगलाच रूढ झाला आहे. एखादी सर्वपरिचित सिंफनी घ्यावयाची, निरनिराळ्या संचालकांनी आपापल्या वाद्यवृंदांकडून वाजवून घेतलेली तिची ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवावयाची आणि त्यांतील कोणते अधिक सरस, कोणते कशासाठी सरस, याचा निवाडा करावयाचा. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्ना येथे प्रथम वाजविली गेली. आर्थर निकिश याच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने तिचे ध्वनिमुद्रण १९१३ साली केले. त्यानंतर टोस्कानिनी, फुर्टवेंग्लर, कार्लोस क्लायबर अशा कितीतरी संचालकांनी ती तबकडीवर उतरविली. या सर्वांची तुलना निःशंकपणे करता येते, कारण त्या सर्वांच्या मागे बेथोव्हेनची स्वरलिखित संहिता उभी आहे. टोस्कानिनीने लय ताठ ठेवली आणि फुर्टवेंग्लरने ती ताणली व सैल सोडली, असे समीक्षक म्हणतो तेव्हा ‘कशाच्या अपेक्षेने’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर तयार असते. तबकडी बदलली तरी कृती बदलत नाही.

हिंदुस्थानी संगीताला हीच पद्धती लावावयाची म्हटले की पहिल्याच पावलाला अडचण येते. ठुमरीची किंवा ख्यालाची बंदिश म्हणजे चार ओळींचे शब्द, एक ताल आणि स्वरांचा एक आराखडा. पंडित भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त अशा शेकडो बंदिशी स्वरलिपीत सापडतील, पण त्या स्वरलिपीवरून कोणी गाऊ लागला तर दोन मिनिटांत गाणे संपेल. रसिक ज्याला गाणे म्हणतो ते या आराखड्याच्या भोवती, त्याच्या आधाराने आणि अनेकदा त्याला बाजूस सारून निर्माण होते. मग एकाच बंदिशीची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली असता तुलना नेमकी कशाची व्हावयाची? आराखडा दोहोंत समान असला तरी त्याला फारसे महत्त्व नाही. आणि ज्याला महत्त्व आहे ते दोहोंत समान नाही.

तथापि गेल्या शतकात या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण लागले. काही गाणी अशी निघाली की त्यांचे पहिले किंवा सर्वांत गाजलेले ध्वनिमुद्रण हेच त्यांची संहिता होऊन बसले. पुढच्या गायकांनी बंदिश गायिली असे म्हणण्यापेक्षा ती तबकडी गायिली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरावे, अशी ही गाणी आहेत. किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका हे या घटनेचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात त्यांतील तीन निवडून त्यांच्याशी उत्तरकालीन गायकांचे नाते काय, याचा विचार केला आहे. विचाराचा रोख एका प्रश्नावर आहे : घराण्याची परंपरा गुरूच्या कंठातून चालत येते की तबकडीतून? तबकडीतून येत असेल, तर ती येताना काय मिळविते आणि काय गमावते?

२

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील किराणा (कैराना) येथला. बडोदे येथील वास्तव्यानंतर त्यांचे आयुष्य मुख्यतः मुंबई, बेळगाव, पुणे व मिरज या पट्ट्यात गेले. १९१३ साली त्यांनी आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. मिरज हे त्यांचे अखेरचे घर ठरले. मद्रासहून पाँडेचरीस जात असता सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा रेल्वे स्थानकावर २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. ज्या तबकड्यांमुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते त्यांतील बहुतेक १९३० नंतरच्या, म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतील असून त्या ओडियन कंपनीने काढल्या. हा तपशील ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. आपण जो आवाज ऐकतो तो साठी ओलांडलेल्या गायकाचा आहे. त्यातील बारीकपणा, किंचित अनुनासिक लागाव आणि जोराचा अभाव यांना घराण्याचे लक्षण मानण्यापूर्वी वयाचा वाटा किती, हे विचारले पाहिजे.

तबकडीच्या साधनाचे काही नियम आहेत व तेही तुलनेपूर्वी समजून घ्यावयास हवेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. मैफलीत जे गाणे अर्धा तास फुलते ते येथे तीन मिनिटांत पुरे करावयाचे असते. दुसरे असे की, मूळ मुद्रण व नंतरचे वादन यांची गती तंतोतंत जुळेलच अशी खात्री नसते. ७८ ऐवजी सुमारे ८२½ फेरे पडले तर सर्व गाणे अर्ध्या सुराने चढते आणि लयही तेवढीच वाढते. म्हणून जुन्या तबकडीवरून ‘खाँसाहेबांचा षड्ज अमुक पट्टीचा’ किंवा ‘त्यांची लय अमुक’ असे विधान करणे धोक्याचे आहे. मात्र गती कमी-अधिक झाली तरी स्वरास्वरांमधील प्रमाण बदलत नाही, कारण सर्व कंपनसंख्या एकाच पटीने वाढतात किंवा घटतात. षड्जाच्या अपेक्षेने कोमल ऋषभ कोठे लागला, हे त्या तबकडीवरून आजही तपासता येते. श्रुतींच्या प्रश्नावर के. बी. देवल व ई. क्लेमेंट्स यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या गायकाच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तबकडी ज्या ठिकाणी अविश्वसनीय आहे तेथे अभ्यासकाने मौन पाळावे. आणि जेथे ती विश्वसनीय आहे नेमके तेथेच खाँसाहेबांच्या गायकीचे मर्म आहे, हा एक सुयोगच म्हणावयाचा.

३

प्रथम जोगिया रागातील ‘पिया के मिलन की आस’ ही ठुमरी घेऊ. जोगियाचा आरोह गांधार व निषाद वगळून चालतो; ऋषभ व धैवत कोमल, आणि मध्यमावरून ऋषभावर उतरण्याची त्याची तऱ्हा हीच त्याची ओळख. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकडीत विस्ताराला अवसर नाही, आणि त्यांनी तो मिळविण्याची धडपडही केलेली नाही. तीन मिनिटांच्या मर्यादेत अनेक गायक तानांची दाटी करीत. मैफलीत जे जे करावयाचे ते सर्व थोडे थोडे येथे करून दाखवावे, असा त्यांचा हिशेब असे. खाँसाहेबांचा हिशेब वेगळा आहे. सारे गाणे त्यांनी दोन-तीन स्वरस्थानांवर उभे केले आहे. मध्यमावरून कोमल ऋषभाकडे येणारी मींड पुन्हा पुन्हा येते व प्रत्येक वेळी ऋषभ किंचित निराळ्या वजनाने लागतो. शब्द अर्थाच्या ओझ्यातून सुटून जवळजवळ नुसते स्वर उरतात. ‘पिया’ हा शब्द नायकासाठी आहे की परमेश्वरासाठी, असा प्रश्नच ऐकणाऱ्याच्या मनात उठत नाही. आस तेवढी शिल्लक राहते. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्यांची मांडणी स्वर व लय या दोन टोकांच्या दरम्यान केली आणि किराणा घराण्याला स्वराच्या टोकाला बसविले. त्या मांडणीचा आधार शोधावयाचा झाला तर या एका तबकडीत तो पुरेपूर मिळतो.

याच ठुमरीचे भीमसेन जोशी यांनी केलेले गायन रसिकांना तितकेच परिचित आहे. येथे परंपरेचा आलेख पाहणे उपयुक्त ठरेल. भीमसेन जोशी (१९२२–२०११) हे सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२) यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँ यांचे. खाँसाहेबांचे निधन झाले तेव्हा भीमसेन अवघे पंधरा वर्षांचे होते. परात्पर गुरूंची प्रत्यक्ष तालीम त्यांना लाभलेली नाही. त्यांच्यापर्यंत खाँसाहेब पोहोचले ते दोन वाटांनी. एक वाट कुंदगोळच्या गुरुगृहातून जाते, दुसरी तबकडीतून. बालपणी ऐकलेल्या खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना घर सोडावयास लावले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे; तिचा तपशील कसाही असो, तिचा आशय खरा आहे. त्यांच्या गायनात या दोन्ही वाटा ऐकू येतात, आणि त्या नेहमीच एकमेकींना मिळतात असे नाही.

भीमसेनांचा जोगिया ऐकताना पहिला फरक जाणवतो तो आवाजाचा. खाँसाहेबांचा उंच, निमुळता स्वर येथे खोल, भरदार व छातीच्या बळाने येणारा झाला आहे. दुसरा फरक श्वासाचा. एका दमात लांबवर नेलेली स्वरावली, तिच्या टोकाशी आवाज एकदम बारीक करणे, पुन्हा भरून येणे, असे चढउतार भीमसेनांच्या गायनाचे प्राणभूत साधन आहे. खाँसाहेबांच्या तबकडीत आवाजाची पातळी जवळजवळ अखंड एकसारखी राहते. त्यात नाट्य नाही. म्हणूनच दोघांची आस निराळी आहे. एकाची आस स्थिर आहे, तिने पूर्ततेची अपेक्षा सोडली आहे. दुसऱ्याची आस झुंजते, मागणी करते, थकते आणि पुन्हा उठते.

या दोहोंत सरस कोणते? ‘दोन्ही आपापल्या परीने श्रेष्ठ’ हे उत्तर सोयीचे असले तरी त्याने समीक्षेचे काम होत नाही. जोगियाच्या बाबतीत खाँसाहेबांची तबकडी वरचढ ठरते, असेच म्हणावे लागेल. कारण जोगियाचा स्वभाव विस्ताराला फारसा अनुकूल नाही. त्याची स्वरसंगती थोडी व ठरावीक आहे आणि वेळ वाढला की पुनरुक्ती अटळ होते. ही पुनरुक्ती भीमसेन आपल्या आवाजाच्या वैभवाने झाकतात, पण ती नाहीशी होत नाही. तीन मिनिटांची मर्यादा खाँसाहेबांना बाधली नाही. या रागाला ती मानवली.

याउलट बसंत रागातील ‘फगवा ब्रिज देखन को’ या द्रुत बंदिशीकडे पाहावे. ही बंदिशही दोघांनी गायिली आहे. येथे तबकडीची वाट मागे पडते आणि तालमीची वाट पुढे येते. लयीशी केलेला खेळ, बोलांची फेक, तानांचा दमदार ओघ या गोष्टी भीमसेनांना खाँसाहेबांच्या तबकडीतून मिळण्यासारख्या नव्हत्या. त्या त्यांनी गुरूकडून, इतर घराण्यांच्या श्रवणातून व स्वतःच्या मेहनतीतून मिळविल्या. म्हणून येथे त्यांचे गाणे खाँसाहेबांच्या गाण्याचे पडसाद न राहता त्याचे उत्तर होते. तबकडीपासून शिष्य जितका दूर सरकला तितका तो परंपरेच्या जवळ आला, असा हा विरोधाभास आहे.

४

दुसरे गाणे झिंझोटीतील ‘पिया बिन नहीं आवत चैन’. येथे तुलनेला उभा राहणारा गायक किराणा घराण्याचाच काय, कोणत्याच घराण्याचा नव्हे. न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ या १९३५ सालच्या हिंदी बोलपटात कुंदनलाल सैगल यांनी ही ठुमरी गायिली. बोलपटाचे संगीत तिमिर बरन यांचे होते. एका बाजूस सारे आयुष्य स्वरसाधनेत घालविलेला उस्ताद आणि दुसऱ्या बाजूस रीतसर तालमीचे पाठबळ नसलेला नट-गायक, अशी ही जोडी आहे. या तुलनेचा निकाल ऐकण्यापूर्वीच लागला आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो तसा लागत नाही.

झिंझोटीचा जीव मंद्र सप्तकात आहे. मंद्र धैवतावरून षड्ज, ऋषभ, मध्यम घेऊन गांधारावर येणारी संगती हे त्याचे मुख्य अंग. खाँसाहेबांच्या तबकडीत ही संगती गाण्याच्या तळाशी असते आणि तिच्यावरून ते वरच्या स्वरांकडे जातात. गांधारावरचा त्यांचा ठहराव इतका निर्मळ आहे की तानपुऱ्याच्या नादात तो विरघळून गेल्याचा भास व्हावा. शब्दांचे व्यंजन येथेही सौम्य होते. विरहाची कथा सांगणे हा हेतू नाही. विरहाचा स्वर कोणता, हे शोधणे हा हेतू आहे.

सैगल यांनी नेमकी उलट वाट धरली. त्यांच्यापुढे दिवाणखाना नव्हता, ध्वनिग्राहक होता. आवाज दूरवर फेकण्याची गरज उरली नव्हती. बोलल्यासारखे गाता येत होते. त्यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो, वाद्यमेळ अगदी मोजका आहे, आणि गाणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे कथेने आधीच सांगून ठेवले आहे. रागाचे अंग त्यांनी सोडलेले नाही, पण त्याचा शोधही घेतलेला नाही. ठुमरी त्यांनी एका पात्राच्या तोंडी घातली आणि तिला गीत केले.

हे अवमूल्यन म्हणावे काय? शास्त्रीय संगीताचा कैवार घेणारे म्हणतील. पण ठुमरीचा इतिहास पाहिला तर अभिनय व शब्दार्थ यांच्याशी तिचे नाते जुने आहे. बनारस-लखनौच्या गायिकांनी एकेक बोल निरनिराळ्या भावांनी ‘बनविला’ तो शब्दाला धरूनच. खाँसाहेबांनी ठुमरीतून शब्दार्थ जवळजवळ वजा केला. ही किराण्याची ठुमरी आहे, सर्व ठुमरी नव्हे. या दृष्टीने सैगल यांचे गाणे ठुमरीच्या जुन्या स्वभावाला एका परीने अधिक धरून आहे, असे म्हणता येईल. स्वराच्या सत्यतेत खाँसाहेबांची तबकडी फारच वरची आहे, यात शंका नाही. परंतु सैगल यांच्या गाण्याने हे दाखवून दिले की त्या तबकडीने ठुमरीच्या एका अंगावर पडदा टाकला होता. दोन तबकड्या शेजारी ठेवल्यावाचून हे ध्यानी आले नसते, आणि तुलनात्मक श्रवणाचे प्रयोजन तरी याहून वेगळे काय असावयाचे?

५

तिसरे गाणे निवडण्यात मराठवाड्याच्या श्रोत्याचा विशेष अधिकार आहे. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील मिरचीच्या बाजारपेठेचे गाव मराठी व तेलुगू या दोन भाषांच्या सीमेवर वसले आहे. गोदावरीच्या परिसरातील बासर हे सरस्वतीचे क्षेत्र तेथून जवळच, पण आज ते तेलंगणात मोडते. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू असा व्यवहार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे अशा श्रोत्याच्या कानावर खाँसाहेबांची एक विशिष्ट तबकडी पडली तर काय होईल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ती तबकडी म्हणजे त्यागराजांची खरहरप्रिया रागातील ‘राम नी समानमेवरु’ ही तेलुगू कृती.

त्यागराज (१७६७–१८४७) यांनी कावेरीकाठी तिरुवय्यारु येथे आयुष्य घालविले आणि बहुतेक रचना तेलुगूत केल्या. कर्नाटक संगीतातील कृती ही ठुमरीपेक्षा सिंफनीच्या अधिक जवळ आहे. पल्लवी, अनुपल्लवी, चरण असे तिचे अंग ठरलेले असते. त्यांतील संगती, म्हणजे एकाच ओळीची क्रमाने वाढत जाणारी स्वररूपे, गुरुपरंपरेने पुष्कळशा निश्चित झालेल्या असतात. येथे संहिता आहे. ती कागदापेक्षा कंठात अधिक असेल एवढेच. म्हणून खाँसाहेबांचे हे गायन मुळाच्या अपेक्षेने तपासता येते. किराणा येथे जन्मलेला, मिरजेत स्थायिक झालेला गायक कर्नाटक पद्धतीच्या कृतीला हात घालतो, ही गोष्ट त्या काळी अपवादात्मक होती. त्यांनी म्हैसूर व मद्रास प्रांतांत वारंवार गायन केले, तिकडच्या गायकांचा आदर संपादन केला आणि सरगम घेण्याची त्यांची तऱ्हाही या सहवासातूनच आली.

तेलुगू जाणणाऱ्या श्रोत्याला या तबकडीत पहिल्याप्रथम उणीव जाणवेल ती शब्दांची. त्यागराजांच्या कृतीत शब्द हा नुसता आधार नसतो. रामाशी चाललेले ते संभाषण असते. अक्षरांची लांबी-रुंदी, प्रासाची जागा, तालाच्या आघाताशी असलेला शब्दाचा मेळ यांवर तिची बांधणी उभी असते. खाँसाहेबांच्या कंठात ही अक्षरे मृदू होतात, त्यांच्या कडा झिजतात. दक्षिणेकडील गमकांच्या ऐवजी मींड येते आणि खरहरप्रिया ऐकता ऐकता काफीच्या अंगाने जाणाऱ्या एखाद्या उत्तरेकडील रागाची चाहूल लागते. संहितेच्या कसोटीवर हे गायन उतरत नाही, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

आणि तरीही ती तबकडी टाकाऊ ठरत नाही. मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांत वावरणाऱ्या श्रोत्याला तिच्यात एक ओळखीची गोष्ट ऐकू येईल. सीमेवरच्या गावात परभाषा अशीच बोलली जाते : उच्चार आपले, व्याकरण थोडे आपले, पण ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याविषयी पूर्ण आस्था. खाँसाहेब त्यागराजांची भाषा परक्याच्या उच्चाराने बोलतात. त्यांनी ती बोलण्याचे धाडस केले, आणि ज्या काळात दोन संगीतपद्धती एकमेकींकडे बहुधा उपेक्षेने पाहत होत्या त्या काळात केले, हे तिचे मोल आहे. हे मोल कलाकृतीचे की सांस्कृतिक कृतीचे, हा भेद मात्र समीक्षेने पुसता कामा नये.

६

या तीन गाण्यांवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हिंदुस्थानी संगीतात ध्वनिमुद्रणांची तुलना करावयाची तर समान असावयास हवा तो प्रश्न. बंदिशीचे साम्य पुरेसे नाही. जोगियात प्रश्न विस्ताराचा होता, झिंझोटीत शब्दाचा, खरहरप्रियात संहितेचा. प्रश्न ठरल्यावाचून केलेली तुलना आवडी-निवडीची यादी होते.

दुसरा निष्कर्ष परंपरेविषयीचा आहे. ‘गोपाला मेरी करुना’ हे खाँसाहेबांच्या तबकडीवरचे पद फिरोज दस्तूर (१९१९–२००८) पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षे गात आणि श्रोते त्याची वाट पाहत. त्या गाण्यात नवे काय, असे कोणी विचारीत नसे. ते जवळजवळ नित्यनेमाचे कर्म झाले होते. या पुनरावृत्तीला स्वतःचे सौंदर्य आहे आणि निष्ठेचे तेजही आहे. परंतु सारे घराणेच या वृत्तीने चालू लागले तर ते घराणे न राहता संग्रहालय होईल. खाँसाहेबांनी स्वतः कोणाचीही तबकडी गायिली नाही. ज्या गायकाने त्यागराजांपर्यंत जाण्याचे साहस केले त्याचे अनुकरण म्हणजे त्याच्या तीन मिनिटांची नक्कल, असे मानणे ही त्याच्याविषयीची गैरसमजूतच होय.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकांसाठी आहे. ज्या पिढ्यांना खाँसाहेबांची मैफल मिळाली नाही, आणि धर्माबादसारख्या केंद्रापासून दूरच्या गावांतील ज्या रसिकांना शास्त्रीय संगीताची ओळख प्रामुख्याने तबकडी व आकाशवाणी यांच्याद्वारेच होणे शक्य होते, त्यांच्या दृष्टीने तबकडी ही मैफलीची अपुरी प्रत नव्हती. तेच त्यांचे मूळ गाणे होते. या श्रोत्याला ‘खरे गाणे तू ऐकलेच नाहीस’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याने जे ऐकले ते खरेच होते. त्याला एवढेच सांगावयास हवे की, ती एक तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून झाल्यावर तिच्या शेजारी दुसरी ठेवावी. सैगल ऐकल्यानंतर खाँसाहेबांचे मौन कोठे आहे ते कळते; भीमसेन ऐकल्यानंतर त्यांचा संयम कोठे आहे ते कळते; आणि दक्षिणेकडील एखाद्या विद्वानाकडून त्यागराजांची तीच कृती ऐकल्यानंतर त्यांनी किती दूरचा प्रवास केला ते कळते.